झाड माती खात नाही

झाडाची वाढ खुंटली, पानं पिवळी पडली, कळ्या गळल्या, की भिलाईतल्या कुठल्याही बागप्रेमी घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘आता काय घालू?’ असा. सल्ले द्यायला सगळी गल्ली तयार असते. कुणी मोहरीची खली, म्हणजे पेंड, भिजवून घालायला सांगतं, कुणी डीएपीचे चार दाणे, कुणी केळीच्या सालींचं पाणी, कुणी युरियाची चिमूट. सल्ले वेगवेगळे, पण त्यांच्या मुळाशी समजूत एकच, की झाडाचं अन्न मातीत असतं, ते मुळांवाटे वर चढतं आणि संपत आलं की आपण ते भरून द्यायचं. ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यापायी घरच्या बागेतला पैसा, पाणी आणि कष्ट उलट्या क्रमाने खर्च होतात. झाड आपलं अन्न स्वतः तयार करतं, तेही पानात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन, उन्हाच्या जोरावर. आपल्या हातात मोठ्या गोष्टी दोनच: पानाला पुरेसं ऊन मिळेल अशी जागा आणि मुळाला श्वास घेता येईल अशी माती. खताचा नंबर त्यानंतरचा. या क्रमाला पुरावा काय, आणि भिलाईच्या उन्हापावसात आणि मातीत तो पाळणं जास्तच गरजेचं का, ते बघू.

सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या व्हान हेल्मोंट नावाच्या वैद्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरून तीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याला पाण्याखेरीज काही दिलं नाही. शेवटी झाड तोललं तर भरलं १६९ पौंड, आणि माती पुन्हा वाळवून तोलली तर ती घटली होती जेमतेम दोन औंस. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापून आला. झाड पाण्याचं बनतं, असा निष्कर्ष त्याने काढला होता. तो अर्धाच बरोबर होता. गंमत म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा वेगळा वायू म्हणून विचार करणाऱ्या पहिल्या काही लोकांत तोच होता, पण आपल्या झाडाने तोच वायू खाल्ला हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ते कळायला आणखी दीडशे वर्षं गेली. १७७९ मध्ये इंगेनहाउसने दाखवलं की झाडाचे हिरवे भागच हे काम करतात आणि तेही उजेडातच. १८०४ मध्ये द सोस्यूरने वजनं करून सिद्ध केलं की वाढीतला कार्बन हवेतून येतो आणि पाणीही त्यात जोडलं जातं. आजचा हिशेब असा आहे: झाड पूर्ण वाळवून त्यातले १०० ग्रॅम घेतले, तर सुमारे ४५ ग्रॅम कार्बन, जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन आणि सहाएक ग्रॅम हायड्रोजन निघतो. हे तिन्ही हवापाण्यातले. उरलेल्या चार-पाच ग्रॅमात नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह, जस्त असं सगळं आलं. खताची पिशवी, मग ती डीएपीची असो की शेणखताची, या चार-पाच ग्रॅमांपुरतीच असते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की कुंडीतली माती तर डोळ्यांदेखत कमी होते; काठोकाठ भरलेली कुंडी दोन वर्षांत चार बोटं खाली बसते, ती झाडाने खाल्ली नाही तर गेली कुठे? ती हवेत गेली. कुंडीत आपण माती म्हणून जे भरतो त्यात निम्मं शेणखत, पालापाचोळ्याचं खत किंवा कोकोपीट असतं. सूक्ष्मजीव ते हळूहळू खातात आणि त्यातला कार्बन वायू होऊन निघून जातो. शिवाय पाण्याबरोबर बारीक कण दाबले जातात, थोडे तळाच्या भोकातून वाहून जातात. नुसत्या मुरमाने भरलेली कुंडी दोन वर्षांनीही जवळपास तेवढीच दिसेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. युरिया दिला की आठवड्याभरात झाड हिरवंगार होतं, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. खरं आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात आणि पानातली कामकरी प्रथिनं नत्राशिवाय बनत नाहीत. नत्र कमी पडलं तर अन्न शिजवणारी यंत्रणाच अपुरी पडते, आणि ते मिळताच काम धडाक्याने सुरू होतं. पण हे घडतं ते नत्रच कमी असेल तर. वाढ नेहमी सगळ्यांत तुटपुंज्या गोष्टीपाशी अडते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकात हा नियम सर्वांच्या गळी उतरवला. उन्हाअभावी अडलेल्या झाडाला युरिया दिला तर ते लांबुळकं, लुसलुशीत आणि माव्याला आवडेल असं होतं. मुळं गुदमरलेल्या झाडाला दिला तर बहुतेकदा मरतं. तेव्हा ‘काय घालू’ याआधी ‘अडलंय कशापायी’ हे विचारायला हवं, आणि घरच्या बागेत ते बहुतेक वेळा ऊन किंवा मुळांची हवा यांपायी अडलेलं असतं.

उन्हाचं आधी. भिलाई सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला इथे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडे कलतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र मध्यान्हीलाही तो दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. ४५ अंशांचा अर्थ असा, की भर दुपारी वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. सात मीटर उंचीच्या दोन मजली इमारतीच्या उत्तरेला पाच ते सात मीटरपर्यंतचं अंगण नोव्हेंबर ते जानेवारी भर दुपारीही सावलीत जातं. नेमका हाच काळ टोमॅटो, फुलकोबी, पालक, मेथी आणि झेंडू यांचा! मे-जूनमध्ये त्याच अंगणात कडक ऊन असतं, म्हणून ही जागा उन्हाची आहे असा आपला ग्रह होतो. जागेचा निवाडा एका दिवशी करून चालत नाही. डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता अंगणातल्या सावलीच्या कडेवर विटा ठेवा. तिन्ही वेळा उन्हात राहिलेला तुकडा हाच तुमचा हिवाळी भाजीचा वाफा. फळभाजीला रोज सहा तास थेट ऊन हवं. पालेभाजी तीन-चार तासांत भागवून नेते.

पोलाद कारखान्याच्या टाऊनशिपमधल्या जुन्या सेक्टरांत याला आणखी एक पदर आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झाली, आणि कारखान्याबरोबर विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांनी इतरांप्रमाणेच क्वार्टरच्या मागे-पुढे बागा केल्या. सुरुवातीच्या वर्षांत लावलेला आंबा, कडुनिंब, जांभूळ आता इमारतीच्याही वर गेलेले आहेत. ‘पूर्वी इथे ढीगभर वांगी निघायची, आता माती म्हातारी झाली’ असं ज्या अंगणांबद्दल बोललं जातं, तिथे एकदा मान वर करून पाहावं. जिथे पूर्वी आभाळ होतं तिथे आता फांद्या असतील, तर दहा पोती शेणखत घालूनही वांगी येणार नाहीत. तिथे हळद, आलं, अळू लावावं. ती विरळ सावलीत बरी येतात.

घराच्या आतल्या उजेडाबाबत तर आपला डोळाच आपल्याला फसवतो. मोकळ्या आभाळाखाली दुपारी सुमारे एक लाख लक्स इतका उजेड असतो. चांगल्या प्रकाशाच्या बैठकीत, खिडकीपासून दूर, तो दोन-तीनशे लक्स भरतो. डोळ्याची बाहुली आणि पडदा उजेडाशी जुळवून घेऊन हा शेकडोपट फरक आपल्याला जाणवूच देत नाहीत. पानाला बाहुली नसते. म्हणून टीव्हीशेजारची तुळस महिन्याभरात काडी होते, आणि मनी प्लांट तिथे जगतो म्हणजे तो तिथे आनंदात आहे असं नव्हे. त्याचा खर्च कमी आहे, इतकंच. घरातलं झाड वाढत नाही म्हणून त्याला खत देणं तर अगदीच उलटं. उजेड कमी म्हणजे वाढ कमी, वाढ कमी म्हणजे क्षारांची गरजही कमी. न वापरले गेलेले क्षार मातीत साठतात आणि पानांची टोकं करपवतात.

मग मेमध्ये, पारा ४४-४५ अंशांवर असताना, जितकं ऊन तितकं चांगलं का? नाही. मेथी, पालक, टोमॅटो, गुलाब यांसारख्या बहुसंख्य झाडांचं पान भर उन्हाच्या चौथ्या ते निम्म्या हिश्श्यातच आपली क्षमता गाठतं; त्यापुढचा उजेड नुसता ताप वाढवतो. ताप वाढला की ही पानं मिळवलेल्या कार्बनमधला मोठा वाटा वायाही घालवतात. एप्रिल-मेमध्ये निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधली तर यांचं नुकसान नगण्य आणि फायदा मोठा. लाल भाजीचं तसं नाही. राजगिऱ्याच्या कुळातली ही भाजी, तसेच मका, ज्वारी आणि ऊस पानात कार्बन आधी साठवून घट्ट करतात आणि मग वापरतात. त्यामुळे कडक ऊन त्यांना मानवतं आणि कमी पाण्यात जास्त वाढ निघते. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात पालक हिरमुसतो तेव्हा लाल भाजी जोमात असते ती यामुळे. उन्हाळ्यात टोमॅटोची फुलं गळतात तेव्हाही दोष खताचा नसतो. रात्रीही हवा तापलेलीच राहिली की पराग कमजोर पडतात आणि फळ धरत नाही. बोरॉनच्या बाटल्या विकत घेण्यापेक्षा टोमॅटो सप्टेंबरअखेर लावावा.

उजेडाचं आणखी एक काम आहे, ते म्हणजे वेळ सांगणं. भिलाईत जूनचा दिवस जवळपास साडेतेरा तासांचा, डिसेंबरचा पावणेअकरा तासांच्या आसपास. शेवंती आणि पॉइन्सेटिया रात्र पुरेशी लांब झाली की कळ्या धरतात, आणि ती रात्र अखंड अंधाराची लागते. कंपाउंडला लागून रस्त्याच्या दिव्याचा खांब असेल आणि नेमकी त्याच्याखालची शेवंती डिसेंबर उलटला तरी नुसती पानांनीच भरलेली असेल, तर सप्टेंबरपासून ती कुंडी संध्याकाळी भिंतीआड सरकवून बघा.

आता जमिनीखाली जाऊ, कारण घरच्या बागेत झाडं मरतात ती बहुतेक इथे. मूळ हे अन्न तयार करत नाही. पानाने पाठवलेली साखर ते जाळतं आणि त्यासाठी त्याला ऑक्सिजन लागतो, तोही रात्रंदिवस. चांगल्या मातीचं जवळजवळ निम्मं घनफळ पोकळ्यांचं असतं. पाणी दिल्यावर मोठ्या पोकळ्या रिकाम्या होऊन हवा आत येते, बारीक पोकळ्यांत पाणी टिकतं. हे दोन्ही एकाच वेळी हवं. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळाला मिळणारा ऑक्सिजन तुटतो, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगानेच पाण्यातून पसरतो. त्यात तापमानाची भर. साधारण दर दहा अंशांमागे मुळांचा श्वसनाचा वेग दुपटीच्या आसपास वाढतो. जानेवारीत गार मातीला थोडं जास्त पाणी झालं तर निभावतं. ऑगस्टमध्ये माती उबदारही असते आणि तुडुंबही. वर्षाचा सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे मुळांची ऑक्सिजनची मागणी जास्त असते तेव्हाच पुरवठा सर्वांत कमी. भिलाईत उन्हाळ्याची धास्ती सगळे घेतात. बागेचा खरा घात पावसाळ्यात होतो.

इथे छत्तीसगडी माणूस हसून म्हणेल, अहो, हा तर धानाचा कटोरा. इथे पीकच पाण्यात उभं असतं! धान मरत नाही, मग मिरची का मरते? कारण धानाने हवेची सोय स्वतः करून ठेवली आहे. त्याच्या खोडामुळांत पोकळ नळ्या असतात, त्यांतून वरची हवा चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. या नळ्या पाहायच्या असतील तर बाजारात मिळणारा ढेंस, म्हणजे कमळकाकडी, आडवा कापा. गोल भोकं सरळ दिसतील. तलावाकाठची करमत्ता, आपली नाळीची भाजी, पोकळ दांड्याची असते तीही याच गरजेतून. मिरची, टोमॅटो, गुलाब, पपई, संत्रं यांच्याकडे अशी सोय नाही. पपई तर दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तरी बसते. धानाचं उदाहरण उलट नियमच पक्का करतं: मुळाला हवा हवीच, ती मातीतून तरी यावी किंवा खोडातून तरी.

गुदमरलेल्या मुळाची ओळख पटत नाही, कारण ती तहानेसारखी दिसते. ऑक्सिजन तुटला की मुळं पाणी ओढणंच कमी करतात. भरपूर ओल असूनही पानं माना टाकतात. आपण घाईने आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली हवाही काढून घेतो. खात्री करायची तर पहाटे बघावं. दुपारी मान टाकलेलं झाड पहाटे ताठ असेल तर काळजी नको. मेच्या उन्हात पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते पुरवू शकत नाहीत, रात्री ती तूट भरून निघते. पहाटेही मलूल असेल तर मातीत बोट दोन पेरं खुपसा. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर पाणी बंद करा आणि कुंडी उलटी करून मुळं पाहा. निरोगी टोकं पांढरी, कडक असतात. गुदमरलेली तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढली तर साल सुटून आतला दोरा हाती राहतो. सडक्या अंड्याचा वास आला तर माती हवेविना बराच काळ आहे. टोमॅटो आणि वांग्याच्या बाबतीत तिसरीही शक्यता असते, जीवाणूंमुळे होणाऱ्या मर रोगाची. झाडाच्या बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात लटकता धरा. काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरले तर ते झाड उपटून टाका आणि त्या जागी पुढची काही वर्षं त्या कुळातलं काही लावू नका.

भिलाई-दुर्गच्या परिसरात मातीची जी नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, ती खरं तर हवापाण्याच्या हिशेबाचीच नावं आहेत. भाटा ही लाल, खडेरी, उथळ माती. तिच्यात हवा मुबलक, पाणी टिकत नाही. मटासी पिवळसर आणि हलकी, कन्हार काळी, चिकण आणि भारी, डोरसा या दोहोंमधली. आपली कुठली हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, तो जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी किती उतरते ते पाहा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे फळझाड सपाट जमिनीत लावू नये. नागपूरहून हौसेने आणलेलं संत्र्याचं कलम तर नाहीच नाही. फूटभर उंचीचा वरंबा किंवा चौथरा करून त्यावर लावावं. कन्हारीत थोडी वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिचा उपयोग व्हायला जवळपास निम्मी वाळू लागते. चार घमेल्यांनी काही साधत नाही. कुजलेलं खत मात्र चिकणमातीचे बारीक कण एकत्र बांधून रवाळ ढेकळं बनवतं आणि ढेकळांच्या मधे हवेच्या वाटा उघडतात. शेणखताचं मोठं काम हे आहे. त्यात नत्र असतं शंभरात जेमतेम अर्धा भाग. ते अन्न म्हणून फारसं काही देत नाही, पण मातीची घडण बदलतं. भाट्यात तेच खत उलट काम करतं, पाणी धरून ठेवतं. कन्हार ओली असताना तिच्यात पाय देऊ नये की फावडं मारू नये. मूठभर माती दाबा; लाडू वळला आणि बोटाने टोचूनही फुटला नाही, तर खणायचं दोन दिवस पुढे ढकला.

कुंडीचं शास्त्र याच सूत्राने सुटतं. तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले की पाणी निचरतं, हा समज इतका पक्का आहे की त्याविरुद्ध बोलणं धाडसाचं आहे. पण पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजी उतरत नाही. माती पूर्ण भरल्याखेरीज ते खाली सुटत नाही. प्रत्येक कुंडीत तळाशी एक थर ओला-तुडुंब राहतोच. खडी घातल्याने तो थर मुळांच्या आणखी जवळ, वर सरकतो. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा आणि थेंब गळायचे थांबले की उभा करा. आणखी पाणी गळेल. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज. त्यामुळे भोकावर एक खापरी पुरे, आणि पैसे घालायचे तर उंच कुंडीत घालावेत. कुंडीच्या मिश्रणात एक भाग धानाची भाजलेली टरफलं मिसळावीत; टरफलं छत्तीसगडात राइस मिलजवळ मिळतात. कच्ची टरफलं मिसळू नयेत, ती कुजताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात. गच्चीवरच्या काळ्या पिशव्या मेमध्ये उन्हाने इतक्या तापतात की कडेची मुळं भाजून निघतात. त्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात आणि बाहेरच्या रांगेला पोतं गुंडाळावं.

पाणी किती आणि केव्हा, याचंही उत्तर कॅलेंडरात नाही. झाड मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे उडवून टाकतं. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पानाची रंध्रं उघडावी लागतात आणि ती उघडली की पाणी निसटतं; हवेत तो वायू हजारात अर्ध्याहूनही कमी असल्याने सौदा महागच पडतो. पानं जास्त, ऊन जास्त, वारा जास्त, तर पाणी जास्त. लूच्या दिवसांत पहाटे भरपूर आणि खोलवर द्यावं. रोज शिंपडल्याने मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात आणि तीच सर्वांत आधी करपतात. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाइपला हात लावला नाही तरी बिघडत नाही. रस्त्याच्या आणि कारखान्याच्या धुळीची पुटं जिथे बसतात, तिथे आठवड्यातून एकदा पानं धुवावीत. धूळ उजेड अडवते आणि रंध्रंही.

आणि मग खत. ‘सेंद्रिय आहे, कितीही घाला, अपाय नाही’ हा शेवटचा आक्षेप, आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा. भिजवलेली खली, ताजं शेण, ताकाचं पाणी कुजायला लागतं तेव्हा कुजवणारे जीव मातीतला ऑक्सिजन मुळांच्या आधी संपवतात. पाऊस लागून राहिलेला असताना खलीचं दाट पाणी ओतणं म्हणजे दोन्ही बाजूंनी गळा दाबणं. पूर्ण कुजलेलं, काळं, मातीचा वास येणारं खत तेवढं सुरक्षित. रासायनिक खताबाबत धोका वेगळा: क्षार दाट झाले की पाणी मुळात शिरण्याऐवजी बाहेर ओढलं जातं आणि पानांच्या कडा जळतात. म्हणून सुक्या मातीत खत कधी देऊ नये आणि ते वाढीच्या हंगामातच द्यावं. मोगऱ्याची छाटणी जानेवारीअखेर करून नवे फुटवे निघू लागले की, लिंबाला पावसाच्या तोंडावर, आणि भाज्यांना रोप रुजल्यानंतर. पिवळेपणा कुठून सुरू झाला हे आधी बघावं. खालची, जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं. तिथे युरिया खरंच लागू पडतो, लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. दल्ली-राजहराच्या लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या शहरात मोगरा, लिंबू, गुलाब लोहावाचून पिवळे पडतात, हे विचित्र वाटेल. पण या भागाच्या पोटात चुनखडी आहे. नंदिनीच्या खाणीतून कारखान्याला ती गेली आणि जामुलला सिमेंट झालं तेही तिच्याच जोरावर. बोअरच्या पाण्यातून तो चुना कुंडीत येतो, मातीच्या कुंड्यांवर पांढरं पूट चढतं, माती अल्कधर्मी होते आणि तिच्यात लोह भरपूर असूनही ते विरघळत नाही, त्यामुळे मुळांना घेता येत नाही. अशा वेळी मातीत खिळे पुरून काही होत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावं, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. पिवळी झालेली पानं ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवी होतील. त्यानंतरचा नवा फुटवा हिरवा येतो का, ते पाहावं. जुलै-ऑगस्टमध्ये, नुसत्या पावसाच्या पाण्यावर, हीच झाडं आपोआप सुधारली तर दोष बोअरच्या पाण्याचा आहे असं समजावं, आणि पुढच्या हिवाळ्यासाठी गच्चीच्या पन्हाळीखाली दोन पिंपं लावून ठेवावीत.